मोहरी

चष्मा काढून मकामेच्या हातात दिला
आणि पेंबाचा समुद्र
ओल्या पाटीवरच्या अक्षरांसारखा पसरला.
उणे सात, दोन्ही डोळे.
नंबरचा मुखवटा या बेटावर कुठून मिळणार?

बिउब्वा म्हणाली, अंगठी पण काढ,
चमकलं की मासे चावतात.
निघेना. बावीस वर्षं बोटात रुतलेली,
मंगळासाठी आईनं घातलेलं पोवळं.
मग तिनं जुन्या कांगाची चिंधी फाडली
आणि बोटाला बांधली,
कापल्यावर बांधतात तशी.
"हात सोडायचा नाही.
एकदा दाबला तर कासव.
दोनदा दाबला तर पाय हलवू नको."

उतरले.
खाली रंग होते, कशाचे ते कळेना.
जांभळ्याची ओल, पिवळ्याचा शिंतोडा,
काहीतरी निळं, घाईघाईत.
बिउब्वा बोट दाखवायची,
मी मान डोलवायची,
लग्नात दूरच्या नातेवाइकांना
ओळखल्यासारखी.

आणि मग ऐकू आलं.
तेल तापावं, मोहरी पडावी,
झाकण ठेवायचं राहून जावं,
तसं तडतडणं,
चहूकडून,
कानात, दातात, मुखवट्याच्या काचेत.
एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात
कुणाकुणाचं शिजतंय?
मी हातपाय मारायचे थांबले.

हात एकदा दाबला गेला.
गडद, संथ असं काही पोटाखालून सरकलं.
मी ते कासव मानलं.
आजवर बरंच काही असंच मानत आले.

पुढे पाणी उजळलं.
पांढरं, फांदीन् फांदी पांढरी,
रात्रीत जाई फुलून वेलावर पान दिसू नये तसं.
डोकं वर काढून, नळी थुंकून मी ओरडले,
किती सुंदर!
बिउब्वा काही बोलली नाही.
मी पुन्हा तोंड पाण्यात घातलं
तेव्हा लक्षात आलं,
मोहरी थांबली होती.

होडीत चष्मा, काचांवर मीठ.
मकामेनं उकडलेला मुहोगो पुढे केला
आणि मावशीचं बोलणं मोडक्या इंग्रजीत सांगत गेला:
नवव्या वर्षापासून आईमागे सळई घेऊन
ती इथं ऑक्टोपस धरायची. बिळंन् बिळं पाठ.
यंदा पाणी तापलं, तीन महिने तापतच राहिलं,
अंघोळीला घेतो तेवढं.
पलीकडचा भाग बायकांनी बंद केलाय,
तेलाचे रिकामे डबे बांधून, त्यांवर लाल फडकी.
रात्री तिथं शिरला म्हणून
तिनं सख्ख्या दिरालाच दंड केला.
तो अजून तिच्या घरी चहा घेत नाही.

"म्हणजे ते पांढरं मेलेलं?"
"मेलं नाही. उपाशी आहे."
मी मुहोगो हातातच धरून बसले.

चिंधी सोडताना तिनं खड्यावरून अंगठा फिरवला.
असलं लाल आमच्याकडे नाही.
हे काय करतं?
म्हटलं, मंगळ शांत करतं.
मकामेला मंगळ सांगता येईना,
त्यानं नुसतं "शांत करतं" एवढंच पोचवलं.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
मग समुद्राकडे, मग हसली,
पण ते हसू मला काही नीट वाचता आलं नाही,
चष्मा असूनसुद्धा.

परतताना तिनं इंजिन बंद करायला लावलं.
वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं,
दांड्याचं टोक कानाला लावलं.
थोडा वेळ ऐकून
माझ्या कानाकडे सरकवलं.

लाकडातून, बारीक, तडतड.

इथवर आहे, ती म्हणाली.
होडी हातभर मागे वाहू दिली,
त्या पांढऱ्याच्या दिशेनं.
पुन्हा दांडा माझ्या कानाला.

मी डोळे मिटून घेतले.
इथं?
थांब, मी म्हटलं,
थांब जरा.